लाडानं ‘लंगड्या’ म्हटलं तर काय बिघडतं?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी भाच्याबद्दल विचारलंय. पोरगा सात वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, वॉकर धरून चालतो, बोलणं अडखळत येतं पण घरच्यांना कळतं. आजी लाडानं लंगड्या म्हणते, शेजारची कन्नड मंडळी कुंटा (म्हणजे लंगडाच) म्हणतात, शाळेतले सर म्हणाले की हा सीडब्ल्यूएसएन (विशेष गरजा असलेलं मूल) आहे, होम-बेस्डला, म्हणजे घरीच शिकायला घाला. सरकारी कन्नड फॉर्मवर विकलचेतन लिहिलेलं, मराठी पेपरात दिव्यांग. मुलाचे वडील, म्हणजे ताईंचे भाऊ, म्हणतात शब्दात काय ठेवलंय, पाय तर तसेच राहणार ना. म्हणून ताईंचा प्रश्न असा की शब्दानं खरंच काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमकं म्हणायचं तरी काय, वर्गातल्या पोरांना काय सांगायचं.

मी विशेष शिक्षिका आहे, बेळगाव-खानापूर भागात बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पायाचं म्हणाल तर तुमच्या भावाचं बरोबर आहे. शब्द बदलला म्हणून स्नायूंचा ताठरपणा कमी होत नाही, त्याला फिजिओथेरपी लागते, स्प्लिंट लागतात, कधी इंजेक्शन, कधी ऑपरेशन. पण सात वर्षांच्या पोराचं सगळं आयुष्य पायात नसतं ना. तो बोलायला, वाचायला, पैसे मोजायला, मित्र करायला शिकणार ते मोठी माणसं त्याच्याशी किती बोलतात, उत्तरासाठी किती वेळ थांबतात आणि त्याच्या हातात काय काय करायला देतात यावर. आणि हे सगळं आपण त्याला कुठला शब्द चिकटवलाय त्यावरनं ठरतं, बहुतेक वेळा आपल्याही नकळत.

‘मुकं’ या शब्दाचंच बघा. मुलाला ऐकू येत नाही म्हणून ते बोलत नाही, गळ्यात काही दोष नसतो, पण घरात एकदा “मुकं आहे हो ते” असं ठरलं की आई सोडून कुणी त्याच्याशी बोलतच नाही, मुक्याशी काय बोलायचं असं सगळ्यांनाच वाटतं. म्हणजे बोलून नाही, खुणांनी नाही, चेहऱ्यानं पण नाही. जन्मानंतर पहिल्या महिन्यात कानाची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत ऐकायचं मशीन, थेरपी नाहीतर साइन लँग्वेज सुरू, असा जगभर धरलेला हिशोब आहे, कारण मेंदूत भाषा बसायची ती पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात जोरात बसते. आमच्याकडं मात्र मुलं चार-पाच वर्षांची होऊन येतात, सौंदत्तीला यल्लम्माच्या पायावर घालून झालेलं असतं, “बोलेल उशिरा, याचा बापही उशिरा बोलला होता” हे सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. देवाला जायला माझी काहीच हरकत नाही, जा, पण त्याच आठवड्यात कान तपासून घ्या. आणि ‘मुकं’ म्हणायच्या ऐवजी “याला ऐकू येत नाही” असं नुसतं म्हटलं तरी पुढच्या माणसाच्या तोंडनं पहिला प्रश्न निघतो, “मग मशीन लावलं का?” ‘मुकं’ या शब्दावर “अरेरे” शिवाय कुणी काही म्हणत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुठला पण शब्द मी याच कसोटीवर बघते. ऐकणाऱ्याला पुढं काही करावंसं, विचारावंसं वाटतंय का, की तिथंच विषय संपतोय.

आता आजीचं. त्या आजीला कुणी “असं म्हणायचं नाही” म्हणून भाषण देऊ नका, बहुतेक त्या पोराच्या पायाला रोज तेल लावून चोळणारी तीच असणार. तिच्या तोंडी त्या शब्दात माया आहेच. अडचण अशी की शब्द उंबऱ्याच्या बाहेर जातो आणि माया घरातच राहते. गल्लीतली पोरं तो उचलतात, मग शाळेत हजेरीला एक नाव आणि मैदानात दुसरं. शिवाय घरातली बाकीची पोरं पिंट्या, बाळ्या, सोन्या, आणि यालाच तेवढी पायावरनं हाक, हे त्याला सातव्या वर्षी चांगलं कळतंय. तुम्ही एक करा, त्यालाच विचारा तुला काय म्हटलेलं आवडेल, आणि ते आजीला त्यानं स्वतः सांगू दे, सांगायला त्याला दोन मिनिटं लागली तरी मधी कुणी शब्द पुरवू नका. नातवाच्या तोंडनं ऐकल्यावर कुठली आजी नाही म्हणेल सांगा.

काही मोठी माणसं स्वतःला बिनधास्त लंगडा म्हणवून घेतात, गावात टोपणनावच तसं पडलेलं असतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. तो त्यांचा हक्क आहे. पोराला तो निवडायची संधी मिळालेली नसते म्हणून त्याच्यासाठी आपण थांबायचं. आणि “वासरात लंगडी गाय शहाणी” सारख्या म्हणी काढून टाका, लंगडीच्या खेळाचं नाव बदला, असलं काही मी म्हणणार नाही, त्यात ताकद घालवू नका. मुलाच्या देखत मुलाबद्दल जे बोललं जातं ना, सगळी ताकद तिथं लावा. लग्नात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणूस आईला विचारतो, “काय झालंय याला? जन्मापासनंच का? तुम्ही गरोदरपणात ग्रहण बघितलं होतं का?” आणि आई सगळं सांगत बसते, पोरगा तिथंच उभा. या वेळी आईनं एवढंच म्हणायचं, “त्यालाच विचारा, तो सांगेल.” आणि खरंच थांबायचं. सीपी असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना बौद्धिक अक्षमता नसते, ओठ-जीभ-श्वास यांचे स्नायू ऐकत नाहीत म्हणून बोलणं अस्पष्ट येतं, डोक्यात वाक्य पूर्ण तयार असतं. समोरचा दोन सेकंदात तोंड फिरवतो आणि मग म्हणतो याला काही कळत नाही.

आपल्या मराठीत अजून एक गोष्ट होते, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. धाकटा भाऊ अठराचा झाला की ‘तो’ होतो, कामाला जातो, त्याचं लग्न बघतात. त्याच घरातला डाऊन सिंड्रोम असलेला मोठा भाऊ पंचविशीतही ‘ते’च, “ते जेवलं का”, “ते बसलंय बघ बाहेर”. आपल्या भागात लहान पोरीबाळींना लाडानं ‘ते’ म्हणायची पद्धत आहेच, तिच्याबद्दल मी बोलत नाहीये. मिशा फुटलेल्या माणसाला घर ‘ते’ म्हणतं तेव्हा त्या घरानं त्याला मोठं करायचंच सोडून दिलेलं असतं, हे मी घराघरात बघितलंय. त्याला पैसे देत नाहीत, दाढी दुसरा करतो, मतदानाला नेत नाहीत.

डॉक्टरांच्या एका वाक्याचा पण यात मोठा हात आहे, “वय चौदा, पण बुद्धी पाच वर्षांची.” आईवडलांना समजावं म्हणून ते बोलतात, त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण घरी आल्यावर आई चौदा वर्षांच्या मुलीला पाच वर्षांचीच धरते. मग पाळीबद्दल कोण सांगणार, अंगाला कुणी कुठं हात लावायचा नाही हे कोण शिकवणार, बाथरूमचं दार लावायला कोण सांगणार? तिचं शरीर चौदाचं आहे, चौदा वर्षांचे अनुभव आहेत, आवडीनिवडी आहेत, लाज आहे, राग आहे. पाच वर्षांच्या पोरीला चौदा वर्षांचे अनुभव कुठं असतात? तिला चित्रं दाखवून, परत परत सांगून, हळू शिकवावं लागेल एवढाच त्या वाक्याचा उपयोग. पाळीचं, अंगाला हात लावण्याचं तिला सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे, कारण अशा मुलींचा गैरफायदा घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हिला कुणी काही सांगितलेलं नाही.

टक्क्यांचं पण तसंच. यूडीआयडी कार्डावर (सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर) आकडा येतो. २०१८ च्या सरकारी नियमावलीत बौद्धिक अक्षमता सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९० असे आकडे ठरवून दिले होते, सामाजिक प्रौढतेच्या, म्हणजे मूल रोजची कामं किती स्वतः करतं ते बघणाऱ्या, चाचणीतल्या गुणांवरनं कोष्टक बघून टाकायचे. ते सवलती कुणाला किती मिळतात ते ठरवण्यासाठी आहे, ४० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर पुढचे लाभ सुरू होतात वगैरे. पण नंदगडकडचे एक वडील मला कार्ड दाखवून म्हणाले, “म्याडम, पंच्याहत्तर टक्के डोकं गेलंय म्हणे, मग शाळेत घालून काय उपयोग?” त्यांचा मुलगा घरच्या गायी एकटा चारून, मोजून परत आणत होता हो! कुणीतरी त्यांना कोष्टक समजावून सांगायला पाहिजे होतं, तो आकडा डोक्याचा नाही, मदत किती लागणार याचा ढोबळ अंदाज आहे. ज्यांच्या हातात असं कार्ड आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आकडा फायलीत ठेवा, पाहुण्यांना सांगू नका आणि मुलासमोर तर मुळीच बोलू नका.

शाळेकडं येते. “आमच्याकडं दोन सीडब्ल्यूएसएन आहेत”, “एक एमआर आहे” (म्हणजे मेंटली रिटार्डेड), “तो सीपीवाला”. शिक्षक वाईट नसतात, पटावर तसा रकाना असतो म्हणून तेच तोंडी बसतं. पण रकान्यातल्या मुलाकडनं गृहपाठ मागत नाहीत, त्याला फळ्यापाशी बोलवत नाहीत, त्याची वही तपासत नाहीत, आणि मग वर्षाच्या शेवटी म्हणतात बघा, काही आलं नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात रोझेंथाल आणि जेकबसन या दोघांनी एका शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं की ही ही मुलं यंदा पुढं जाणार आहेत, खरं तर नावं चिठ्ठ्या काढल्यासारखी कशीही निवडली होती, आणि वर्षअखेरीला पहिली-दुसरीच्या वर्गात ती मुलं खरंच जास्त पुढं गेलेली दिसली. त्या अभ्यासावर नंतर वाद पुष्कळ झाले, परिणाम इतका मोठा नसतो असं म्हणणारेही आहेत, पण शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर थोडाफार परिणाम होतो एवढं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडं अपेक्षा आधीच शून्य धरलेली असते.

‘होम-बेस्ड’ पण त्यातलंच. ज्या मुलांना खरंच घराबाहेर नेता येत नाही त्यांच्यासाठी घरी येऊन शिकवायची ती सोय आहे, चांगली सोय आहे. पण वॉकर धरून चालणाऱ्या मुलाला होम-बेस्ड लिहिलं की रॅम्पचा विषय संपला, बेंच बदलायचा विषय संपला, तो शाळेत येणारच नाही मग कशाला. तुमच्या भाच्याला शाळेतच घाला. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ४० टक्के किंवा त्याच्या वर अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा हे त्यातच लिहिलंय. सरांना हे शांतपणे सांगा. त्याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये चारचौघांत अपमान करायच्या हेतूनं बोललं तर सहा महिन्यांपासनं पाच वर्षांपर्यंत शिक्षा पण आहे, पण शेजाऱ्यांच्या ‘कुंटा’साठी ते काढू नका, उद्या त्याच शेजाऱ्याच्या पोराबरोबर याला शाळेत जायचंय. मुद्दाम छळणारा कुणी असेल तर मात्र गप्प बसू नका.

शाळेला किंवा फिजिओला मुलाबद्दल लिहून देताना एक सवय लावून घ्या. “शर्ट घालता येत नाही” असं लिहू नका, “दोन्ही हात बाहीत घालतो, बटणं लावायला मदत लागते” असं लिहा. “बोलता येत नाही” नको, “दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, अनोळखी माणसाला समजायला वेळ लागतो, चित्र दाखवून पण सांगतो” असं लिहा. पहिलं वाक्य वाचून शिक्षिका वही बंद करेल, दुसरं वाचून तिला उद्या काय शिकवायचं ते कळेल (बटणं!). हे कौतुक करायचं म्हणून लिहायचं नाही, जसं आहे तसं, पण पूर्ण लिहायचं. “अपंग असूनही किती हुशार” असं पण नको, त्यातला ‘असूनही’ मुलाला टोचतो.

आता आपल्या सीमाभागाचं एक वेगळंच दुखणं. मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत कन्नड ऐकतं, दवाखान्यात कन्नड नाहीतर इंग्लिश, आणि बुद्ध्यांकाची चाचणी त्याला घरी न बोललेल्या भाषेत झाली तर तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचे गुण कापले जातात आणि कागदावर शब्द येतो तो आयुष्यभर राहतो. गंमत म्हणजे बुद्ध्यांकाची जी बिने-कामत चाचणी अजून वापरतात ती मुळात आपल्याच मुलखातली आहे, डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडकडं कन्नड आणि मराठी अशा दोन्ही मुलांसाठी बसवलेली. म्हणजे घरची भाषा धरून चाचणी घ्यायला पाहिजे हे आपल्या भागात तेव्हापासनं ठाऊक आहे. म्हणून तपासणीच्या दिवशी अगदी नम्रपणे सांगा, याची घरची भाषा मराठी आहे, चाचणी मराठीत घ्या नाहीतर मराठी येणारं कुणी शेजारी बसवा, आणि रिपोर्टात कुठल्या भाषेत घेतली ते लिहा. हे मागायला लाजू नका.

आणि दुसरं, “दोन भाषांनी पोर गोंधळतंय, घरी मराठी बंद करा” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळं बोलण्याला उशीर होत नाही, डाऊन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेल्या मुलांमध्येसुद्धा त्यानं नुकसान झालेलं अभ्यासांत दिसलेलं नाही. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये आई पोराशी दिवसाला चार वाक्यं बोलते, मराठीत चारशे बोलली असती. त्याची भाषा जी काही वाढायची ती त्या चारशे वाक्यांत वाढणार होती.

मग म्हणायचं काय? फॉर्मवर जे छापलंय ते लिहा, कन्नड फॉर्मवर विकलचेतन, मराठी-हिंदीत दिव्यांग, त्यावर भांडण नको, कार्ड महत्त्वाचं आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवर सुचवला, आईवडलांना तो ऐकायला बरा वाटतो हे मला माहीत आहे आणि त्यांच्याकडनं मी तो काढून घेणार नाही. पण स्वतः अपंग असलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांना तो आवडत नाही, आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प द्या असं त्यांचं म्हणणं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या समितीनं २०१९ मध्ये भारताबद्दल लिहिताना या शब्दावर नाराजी नोंदवलीय. मी स्वतः बोलताना अपंग मूल, ऐकू न येणारं मूल, ऑटिझम असलेलं मूल असं सरळ म्हणते. ‘मतिमंद’ मात्र सोडलाच पाहिजे, सिकंदराबादला अशा मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे तिच्या नावातनंसुद्धा तसला जुना शब्द गेला, आता बौद्धिक अक्षमता म्हणतात.

नुसता नवा शब्द आणून भागत नाही, हेही खरं. इडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांचे शास्त्रीय शब्द होते, आज शिव्या आहेत. आपल्या शाळांत ‘स्पेशल’चं तेच चाललंय, पोरं एकमेकांना चिडवताना म्हणतात “तू स्पेशल आहेस काय रे”. वागणूक तीच राहिली की नवा शब्द चार-दहा वर्षांत मळतोच. म्हणून घरात त्याच्या नावानं हाक मारा आणि अपंगत्वाचा उल्लेख जिथं गरज आहे तिथंच, सरळ, आवाज खाली न करता करा. आवाज खाली केला की मुलाला कळतं हे काहीतरी लपवायचं आहे.

आणि शेवटचं तुम्ही विचारलेलं, वर्गातल्या पोरांना काय सांगायचं. पहिल्या दिवशी ती विचारणारच, “ह्याचा पाय असा का?” तिथं शिक्षिका “श्शू, असं विचारू नये” म्हणाली की सगळं बिघडलं. तिला आधीच भेटून सांगा की असं म्हणा, “त्याच्या पायाचे स्नायू कडक आहेत, म्हणून तो वॉकर वापरतो. हे लागत नाही, तुम्हाला होणार नाही. त्याचं बोलणं हळू येतं, थांबून ऐकायचं, कळलं नाही तर परत विचारायचं. वॉकरला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.” पहिली-दुसरीच्या पोरांना एवढं पुरतं, ती लगेच पुढच्या प्रश्नावर जातात, तुला क्रिकेट येतं का, तुझ्या डब्यात काय आहे. भाच्याला घरी याची तालीम द्या, त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं तर सगळ्यात उत्तम, “माझे स्नायू कडक आहेत” हे चार शब्द रोज संध्याकाळी आजीसमोर म्हणून घ्या. शाळा सुरू व्हायला अजून वेळ असेल तर आधी एक-दोनदा शाळा रिकामी असताना नेऊन आणा, संडास कुठं आहे, पायरी कुठं आहे, बेंच किती उंच आहे बघून घ्या, आणि खानापुरात ब्लॉकच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात विशेष मुलांसाठीचे रिसोर्स टीचर असतात त्यांना त्या दिवशी बरोबर बोलवा, ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला (अपंगांसाठी काम करणाऱ्या गावच्या कार्यकर्त्याला) पण सांगा. त्यांच्यासमोर सरांशी बोलणं सोपं जातं.